पक्का काळा

आधीच सांगते, ह्यात उष्णता दिसत नाही.
सगळे तेच विचारतात. नायनानेही विचारलं,
ताप आलेला माणूस लाल दिसतो का गं ह्यात?
नाही. दिसतो फक्त तांबड्याच्या पलीकडचा उजेड,
जो आपल्या डोळ्यांवर पडतो आणि दाद न मिळता निघून जातो.
लग्नं काढून काढून दमलेला जुना कॅमेरा,
चिट्यालच्या दुकानात त्याच्या सेन्सरवरची काच काढून घेतली.
चिट्याल म्हणाला, आता नवरीला ह्याच्यासमोर उभी करू नकोस,
नसा दिसतील.

डिसेंबर. नान्नजचा रस्ता, सकाळचे साडेसात.
स्कूटीवर मागे नायना, मांडीवर ट्रायपॉड आडवा,
डोक्यावरून स्वतः रंगवलेली चादर.
कारखाना बंद झाला तेव्हा हिशेबाच्या पाकिटासोबत
दोन चादरी मिळाल्या होत्या.
दुसरी आईबरोबर गेली.

शाळू छातीएवढा, पोटरीत आलेला.
बांधावर बाभळी, एक लिंब, एक मोडका पंप.
काळवीट येईल म्हणून उभे होतो.
तो आला नाही, म्हणून मी रानाचाच काढला,
आणि मागच्या इवल्या पडद्यावर
बर्फ पडला.

सोलापुरात बर्फ म्हणजे
भुश्शात गुंडाळलेली लादी, रसवंतीच्या दारात.
आणि इथे धाटाधाटावर, बाभळीच्या झिपऱ्यांवर,
लिंबाच्या अख्ख्या डोक्यावर, जरा जास्तच.
आभाळ शाईचं.
शेततळं तर असं काळं, की दगड टाकला असता
तर आवाज आला नसता.

नायना वाकून बघत राहिला.
काश्मीर केलंस की गं.
मग म्हणाला, पण हे खोटं.
मी म्हटलं, खोटं नाही, पानाला हा उजेड नको असतो,
ते सगळाच्या सगळा परत करतं.
तो हसला. आमच्यात त्याला रंग न धरणं म्हणायचे.
असला माल बाजारातून परत यायचा.
पस्तीस वर्षं तो काळ्या कढईवर होता.
लाल कोणीही करतं, म्हणायचा,
पिवळा तर पोरंसोरं करतात,
काळा उतरवायला माणूस लागतो.

मग ऊन खायला तो बांधावर जाऊन बसला,
पाठमोरा, चादरीत, शाळवाच्या कडेला.
मी न सांगता काढला.

पडद्यावर एक पांढरा माणूस.
शाळू पांढरा, लिंब पांढरा,
आणि त्यांच्यात नायना, धुतल्यासारखा.
काठाची नक्षी गेली, काळा गेला,
पस्तीस वर्षं गेली म्हणा.
दाखवू नये असं वाटलं.
पण तो उठून आलाच होता.

काही बोलला नाही.
अंगठा जिभेला लावला, चादरीच्या कोपऱ्यावर घासला,
उन्हात धरून पाहिला.
अंगठा कोरडा, स्वच्छ.
रंग सुटला नव्हता.

नलुपू, तो पुटपुटला. आमच्या घरातला काळा.
आणि पडद्यावर बोट ठेवून, तेलुपू.
पांढरा.
दोन्हींत फरक तो किती,
तोंडात जीभ जरा इकडे की तिकडे.

बऱ्याच वेळाने म्हणाला,
तेव्हा रात्र होती, दुकानं बंद,
घरात पांढरं काहीच नव्हतं गं.
मला आठवलं. मला सगळंच आठवतं.
आत्या दारात उभी राहून म्हणाली होती, काळी कशाला घातलीस?
आणि हा माणूस, ज्याला रंगावर कोणी बोललेलं चालायचं नाही,
खाली मान घालून उभा होता.

म्हणजे तीही अशीच असणार, तो म्हणाला.
एकाच घाणीतली होती. एकाच दिवसाची.

काळवीट त्यानंतर आला, दूरवर, एकटा,
शाळवातून अर्धा दिसला न दिसला.
मी कॅमेरा उचलला नाही.
नायना शेततळ्याकडे बघत होता.

परतताना ऊन चांगलंच चढलं.
हिप्परग्याच्या वळणावर मी स्वेटर काढून डिकीत टाकला,
त्याला म्हटलं, दे ती चादर इकडे.
असू दे, म्हणाला.